दुसऱ्या वर्षाचे पैसे कुठून येणार?

परदेशी शिक्षणाच्या खर्चाबद्दल प्रश्न पाठवा, असं गेल्या अंकात लिहिलं आणि इतकी पत्रं आली, की सगळ्यांना इथे उत्तर देणं शक्य नाही. माझं बरंचसं आयुष्य सरकारी बँकेत शैक्षणिक कर्जाच्या टेबलावर गेलं. समोर बसलेल्या आईवडलांना पहिल्या वर्षाचा खर्च तोंडपाठ असायचा. दुसऱ्या वर्षाचं विचारलं, की वडील आईकडे पाहायचे आणि आई मुलाकडे. निवडलेल्या बहुतेक पत्रांत मला तीच रिकामी जागा दिसली, म्हणून उत्तरंही तिच्याभोवतीच फिरतील.

प्रश्न : मुलीचं कॉम्प्युटर इंजिनिअरिंग झालं. अमेरिकेत एमएससाठी दोन विद्यापीठांत प्रवेश मिळाला आहे. एकीकडे दोन वर्षांचा सगळा खर्च ५५ लाख, दुसरीकडे ३८ लाख. पहिल्याचं नाव मोठं आहे. मी शिक्षिका आहे, हे वीज कंपनीत आहेत. एकच फ्लॅट आहे आणि तोही गृहकर्जात. कन्सल्टन्सीवाले म्हणतात, 'व्हिसासाठी एका वर्षाचेच पैसे दाखवायचे, पुढचं मुलगी तिकडे गेल्यावर बघते.' पीएफ काढू, की फ्लॅटवर आणखी कर्ज घेऊ?
— एक आई, मनीषनगर

उत्तर : ताई, कन्सल्टन्सीवाल्यांनी तुम्हाला अर्धंच सांगितलं. व्हिसाच्या अर्जासाठी विद्यापीठ जो आय-ट्वेंटी फॉर्म देतं, त्यासाठी पहिल्या वर्षाच्या पैशांचाच पुरावा लागतो, हे खरं. पण 'मुलगी तिकडे गेल्यावर बघते' यातलं ती नेमकं काय बघणार, हे त्यांना विचारा. विद्यार्थ्यांच्या एफ-वन व्हिसावर पहिल्या शैक्षणिक वर्षात कॉलेजच्या आवाराबाहेर नोकरी करता येत नाही. आवारात, म्हणजे लायब्ररीत, मेसमध्ये, प्रयोगशाळेत काम मिळालं, तर सत्र चालू असताना आठवड्याला २० तास. त्यातून किराणा निघेल, फी निघणार नाही. प्राध्यापकांच्या हाताखाली असिस्टंटशिप मिळून फी माफ होते, ते बहुतेक पीएचडीच्या मुलांना. एमएसच्या मुलांना ती मिळते, पण मिळेलच असं धरून घराचा हिशेब मांडायचा नसतो.

माझं मत स्पष्ट आहे : ३८ लाखांचा प्रवेश घ्या. ३० लाख कर्ज, ८ लाख घरचे. पीएफला हात लावू नका, तुमची निवृत्ती त्यावर आहे. फ्लॅटवरचं कर्ज आधी फिटू द्या.

आता कर्जाबद्दल. बँकेत गेल्यावर पहिली गोष्ट ही मागा, की मंजुरी दोन्ही वर्षांच्या पूर्ण खर्चाची एकदमच द्या. पैसे उचलायचे सत्रागणिक, आणि व्याज लागतं ते उचललेल्या रकमेवरच. पण मंजुरीपत्र हातात असलं, म्हणजे दुसऱ्या वर्षी मुलगी तिकडे आणि तुम्ही इकडे पुन्हा कागद घेऊन रांगेत, अशी वेळ येत नाही. अनेक जण पहिल्या वर्षापुरतीच मंजुरी घेतात. मग वर्षभरात वडलांची नोकरी बदलते, आजारपण येतं, बँकेचे नियम बदलतात, आणि पोरीची फी भरायची तारीख मात्र तीच राहते.

हप्त्याचा हिशेब कागदावर करून पाहा. समजा ३० लाखांचं कर्ज, दर वर्षाच्या सुरुवातीला १५ लाख उचलले आणि व्याज १०.५ टक्के. शिक्षणाची दोन वर्षं आणि त्यानंतरचं एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज चालूच असतं. पहिल्या १५ लाखांवर तीन वर्षांचं सरळव्याज ४ लाख ७२ हजार, दुसऱ्या १५ लाखांवर दोन वर्षांचं ३ लाख १५ हजार. हप्ता सुरू व्हायच्या दिवशी ३० लाखांचे जवळपास ३७ लाख ८७ हजार झालेले असतात. ते दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला साधारण ५१ हजार. याउलट तुम्ही दोघांनी सुरुवातीपासून नुसतं व्याज भरत राहायचं ठरवलं, तर पहिल्या वर्षी महिन्याला १३ हजारांच्या आसपास आणि पुढची दोन वर्षं २६ हजारांच्या आसपास जातील. मग हप्ता येईल साडेचाळीस हजार. अनेक सरकारी बँका असं व्याज वेळेवर भरणाऱ्यांना दरात सूटही देतात, तीही विचारून घ्या. जुन्या करप्रणालीत असाल, तर शैक्षणिक कर्जावर भरलेलं सगळं व्याज करपात्र उत्पन्नातून वजा होतं. त्याला कमाल मर्यादा नाही, मुदत आठ वर्षांची. नव्या करप्रणालीत ही सवलत नाही, म्हणून कोणती प्रणाली घ्यायची ते कर्ज काढताना ठरवा.

रुपया घसरतो, हेही धरा. जानेवारी २०२४ मध्ये डॉलर ८३ रुपयांच्या आसपास होता, डिसेंबर २०२५ मध्ये त्याने ९० ओलांडले. दुसऱ्या वर्षाची २० हजार डॉलर फी या दोन दरांत मोजली, तर फरक १ लाख ४० हजारांचा पडतो. आणि तो फी न वाढता.

शेवटचं, आणि हे मी प्रत्येक आईला सांगते. हप्ता मुलीच्या डॉलरमधल्या पगारावर मोजू नका. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशातून केल्या जाणाऱ्या नव्या एच-वन-बी, म्हणजे तिथे नोकरी करायच्या व्हिसाच्या, अर्जांवर १ लाख डॉलरचं शुल्क लावलं. नियम एका रात्रीत बदलतात हे आपण सगळ्यांनी पाहिलं. मुलगी परत येऊन इथे नागपुरात मिहानमधल्या कंपनीत लागली, तर तिचा पगार आणि तुमचा हातभार मिळून साडेचाळीस हजार निघतील का, हे तिघांनी एकत्र बसून पाहा. निघत असतील, तर बिनधास्त पाठवा. ५५ लाखांच्या विद्यापीठासाठी असा हिशेब बसत नाही. त्या मोठ्या नावाचा मोह मला समजतो, पण तुमच्या घराला तो झेपणारा नाही.

प्रश्न : माझी सहा एकर संत्र्याची बाग आहे. पोराला इंग्लंडमध्ये मॅनेजमेंटच्या एक वर्षाच्या कोर्सला ॲडमिशन मिळाली, फी १६ हजार पौंड. नागपूरचा एजंट म्हणतो, पार्टटाइम काम करून फी निघते. खात्यात २८ दिवस पैसे दाखवावे लागतात, ते तो दोन टक्क्यांनी मिळवून देतो म्हणतो. दोन एकर विकू का?
— एक शेतकरी, काटोल तालुका

उत्तर : दादा, विकू नका. आणि त्या एजंटकडे पुन्हा जाऊ नका.

त्याचं पार्टटाइमचं गणित आपण मांडू. तिथे विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येतं. २१ वर्षांवरच्यांचं किमान वेतन एप्रिल २०२६ पासून तासाला १२.७१ पौंड. म्हणजे एकही आठवडा न चुकता पूर्ण २० तास काम मिळालं, तरी महिन्याला सुमारे ११०० पौंड. आता इंग्लंडचं सरकारच व्हिसासाठी राहण्या-खाण्याचा खर्च काय धरतं ते पाहा : लंडनबाहेर महिन्याला ११७१ पौंड, लंडनमध्ये १५२९. सगळी कमाई नुसत्या राहण्यालाच पुरत नाही. मग १६ हजार फी कुठून निघणार? शिवाय काम पहिल्या दिवशी मिळत नाही, परीक्षेच्या दिवसांत करता येत नाही, आणि एका वर्षाच्या कोर्समध्ये नापास होणं परवडत नाही.

दोन टक्क्यांच्या पैशाचं तर बोलायलाच नको. लंडनबाहेर राहणाऱ्याला नऊ महिन्यांचे १०,५३९ पौंड आणि न भरलेली फी, एवढी रक्कम सलग २८ दिवस खात्यात असावी लागते. एका दिवसासाठीही खाली जाऊन चालत नाही. ती रक्कम आपली नसताना आपली म्हणून दाखवली आणि पकडली गेली, तर व्हिसा नाकारलाच जातो, वर फसवणुकीच्या शिक्क्याखाली दहा वर्षांची बंदी लागू शकते. पोराच्या पासपोर्टावर तो डाग नको. प्रामाणिक रस्ता आहे : बँकेचं शैक्षणिक कर्ज मंजूर झालं, तर तिचं मंजुरीपत्र पुरावा म्हणून चालतं, त्याला २८ दिवसांची अट नाही.

पण कर्जासाठी बाग तारण ठेवायची म्हणाल, तर शैक्षणिक कर्जाला बँका शेतजमीन सहसा घेत नाहीत. वसुलीचा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू होत नाही, हे त्याचं मोठं कारण. गावठाणातलं घर किंवा अकृषक प्लॉट असेल, तर बोलणी होऊ शकते. आणि एक गोष्ट शहरातले सल्लागार विसरतात : तुमचा पैसा आंबिया आणि मृग अशा बहारांत येतो, हप्ता मात्र दर महिन्याला जातो. एखादा बहार गळाला, तर पुढचे कितीतरी हप्ते अंगावर येतात. कधीही कर्ज घेतलंत, तर सहा महिन्यांच्या हप्त्यांइतकी रक्कम वेगळी ठेवल्याशिवाय सही करू नका.

कोर्स संपल्यावर काय, तेही ऐका. जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदवीधरांना तिथे काम शोधायला दोन वर्षांऐवजी १८ महिने मिळतील. त्यानंतर राहायचं, तर सर्वसाधारणपणे वर्षाला ४१,७०० पौंड पगाराची नोकरी लागते. नवख्यांना काही सवलत आहे, पण अनुभव नसलेल्या मॅनेजमेंटच्या पोरासाठी हे सोपं नाही.

पोराने दोन वर्षं इथे नोकरी करावी. कामाच्या अनुभवावर चेव्हनिंगसारख्या पूर्ण खर्च देणाऱ्या शिष्यवृत्तीला अर्ज करता येतो, त्यासाठी २८०० तासांचा अनुभव लागतो. एजंटला विद्यापीठांकडून दर ॲडमिशनमागे कमिशन मिळतं. तुम्ही दोन एकर विकले काय आणि न विकले काय, त्याचं काही जात नाही.

प्रश्न : लंडनमध्ये सार्वजनिक धोरण या विषयात मास्टर्सला प्रवेश मिळाला आहे. वडील चतुर्थश्रेणी कर्मचारी म्हणून निवृत्त झाले. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीला अर्ज करणार आहे, पण निकाल लागण्याआधीच विद्यापीठ डिपॉझिट मागतं आहे. उसने घेऊन भरू का?
— एक विद्यार्थिनी, इंदोरा

उत्तर : बेटा, पहिल्यांदा मनापासून अभिनंदन. उसने घेऊ नकोस. विद्यापीठाच्या प्रवेश विभागाला आजच ई-मेल लिही : मी सरकारी शिष्यवृत्तीला अर्ज करणार आहे, निकाल अमुक महिन्यात अपेक्षित आहे, डिपॉझिटची मुदत वाढवावी किंवा माफ करावं. अर्ज भरला, की त्याची पावतीही त्यांना पाठव. बरीच विद्यापीठं सरकारी शिष्यवृत्तीवाल्यांना मुदत देतात, पण न मागता कोणी देत नाही. डिपॉझिट परत मिळतं की नाही, हेही त्याच ई-मेलमध्ये विचार आणि उत्तर लेखी घे.

ही योजना २००३ पासून आहे, अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी, दरवर्षी ७५ जागा. कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा ८ लाख, पदव्युत्तर शिक्षणासाठी वय ३५ पर्यंत. फी, निर्वाह भत्ता, विमानाचं तिकीट, विमा हे सगळं त्यात येतं. विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट मात्र बदलत आली आहे, म्हणून सीनिअरने काय सांगितलं यावर न जाता या वर्षीची जाहिरात ओळ न् ओळ वाच. उत्पन्नाचा दाखला ताजा काढून ठेव, शेवटच्या आठवड्यात तहसीलमध्ये गर्दी असते. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीलाही अर्ज कर, तिथे १२५ जागा आहेत.

शिष्यवृत्ती मिळाली, तरी तीन महिन्यांच्या राहण्या-खाण्याचे पैसे हाताशी असल्याशिवाय विमानात बसू नकोस. सरकारी पैसा टप्प्याटप्प्याने येतो आणि लंडनमधला घरमालक टप्प्यांसाठी थांबत नाही. या तीन महिन्यांसाठी नातेवाइकांनी, वस्तीने हातभार लावला, तर तो घ्यायला लाजू नकोस.

तू इंदोऱ्याची आहेस, दीक्षाभूमीच्या गावची, म्हणून हे लिहिते. बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबियाला गेले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. तिथून ते लंडनला गेले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट ठेवून त्यांना परतावं लागलं. मग त्यांनी मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवलं आणि पगारातून पैसे साठवले. शाहू महाराजांची मदत झाली, मित्र नवल भथेना यांच्याकडून कर्ज घेतलं, आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. एवढ्या थोर विद्वानाची तीन वर्षं पैशापायी गेली. तुझ्या बाबतीत हे घडू नये, म्हणून त्या तीन महिन्यांच्या पैशासाठी मी इतकी अडून बसले आहे.

प्रश्न : मेकॅनिकलला आहे. जर्मनीत केम्निट्झच्या सरकारी विद्यापीठात आणि बर्लिनच्या एका खासगी विद्यापीठात, असे दोन्हीकडे प्रवेश आहेत. खासगीची फी वर्षाला १२ हजार युरो. बर्लिन मोठं शहर म्हणून घरचे तिकडे म्हणतात. व्हिसासाठी लागणाऱ्या ब्लॉक्ड अकाउंटमध्ये राहण्याखाण्याचे पैसे भरले, की वर्षभराचा प्रश्न मिटतो ना?
— एक विद्यार्थी, प्रतापनगर

उत्तर : केम्निट्झ. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाही, सत्रागणिक थोडीशी वर्गणी असते आणि बऱ्याच ठिकाणी त्यातच प्रवासाचा पास येतो. बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात युरोपबाहेरच्यांना सत्राला १५०० युरो लागतात, म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही फी सुरू केली आहे. तुला या दोन्हीशी देणंघेणं नाही. तरीही कोणी फी भरायला सांगत असेल, तर का भरायची ते त्याने पटवून द्यावं.

ब्लॉक्ड अकाउंटने प्रश्न मिटत नाही. सप्टेंबर २०२४ पासून त्यात ११,९०४ युरो लागतात. १०५ रुपयांचा युरो धरला, तर साडेबारा लाख. ते तुला एकदम मिळत नाहीत, महिन्याला ९९२ युरोच सुटतात, आणि तेही तिथे पोचून बँकेचं खातं उघडल्यावर. पण खोली घ्यायची, तर घरमालक डिपॉझिट मागतो, कायद्याने तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापर्यंत मागू शकतो, आणि पहिल्या महिन्याचं भाडं वेगळं. तेव्हा डिपॉझिट, पहिलं भाडं आणि पहिल्या काही आठवड्यांचं खाणंपिणं यासाठी वेगळे दीड-दोन हजार युरो फॉरेक्स कार्डावर घेऊन जा. पोरं नेमकी इथेच अडकतात आणि पोचल्या पोचल्या घरी फोन लावतात.

९९२ मधून भाडं, विद्यार्थ्यांचा सरकारी आरोग्य विमा सुमारे दीडशे, आणि ज्याची कल्पना कोणी देत नाही ती रेडिओ-टीव्हीची वर्गणी, दर घरामागे महिन्याला १८.३६ युरो. टीव्ही नसला तरी भरावी लागते, पण एका घरात चौघं राहत असाल, तर चौघांत वाटता येते. म्हणून वसतिगृहाच्या खोलीसाठी प्रवेश पक्का झाल्या दिवशीच अर्ज कर. काम वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस करता येतं, जानेवारी २०२६ पासून किमान वेतन तासाला १३.९० युरो. जर्मन बोलता आलं, तर काम लवकर मिळतं, तेव्हा उरलेले महिने भाषेवर घाल. आणि स्वयंपाक शीक, निदान वरण-भात, पोळी आणि दोन भाज्या.

दुसऱ्या वर्षी राहण्याचा परवाना वाढवताना पैशांचा पुरावा पुन्हा द्यावा लागतो. तो कसा देणार, हे घरच्यांशी आत्ताच बोलून ठेव. फी नसल्यामुळे तुझ्या घरचे जे वर्षाला १२ हजार युरो वाचवतील, तेच हे दुसरं वर्ष आहे.

प्रश्न : पुतणी कॅनडाला शिकायला चालली आहे. मी निवृत्त, तिला १५ लाख द्यायचे आहेत. माझ्या खात्यातून थेट कॉलेजला पाठवू का? कर लागेल का?
— एक काका, शंकरनगर

उत्तर : थेट पाठवू नका. भावाच्या किंवा पुतणीच्या इथल्या खात्यात जमा करा, फी तिथून जाऊ द्या. काकाने पुतणीला दिलेल्या भेटीवर तिला आयकर लागत नाही. परदेशी पैसे पाठवताना पाठवणाऱ्याच्या पॅनवर वर्षाला १० लाखांपर्यंत टीसीएस, म्हणजे पैसे पाठवताना बँक आगाऊ घेते तो कर, कापला जात नाही, ही मर्यादा एप्रिल २०२५ पासूनची. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून गेलेल्या पैशावर तो मुळीच नाही. १० लाखांपुढे कापला गेला, तरी विवरणपत्र भरून परत मिळतो किंवा करात वळता होतो. म्हणून ज्याच्या खात्यातून पैसे जातील, त्याने विवरणपत्र भरायलाच हवं. पुतणीला तिथे शिकायच्या परवान्यासाठी फी आणि प्रवासखर्च सोडून २२,८९५ कॅनेडियन डॉलर दाखवायचे आहेत. तुमचे १५ लाख फीकडे वळवायचे की या रकमेकडे, ते भावाशी आधी ठरवा.

आणि काका, हे पैसे भेट आहेत की परत हवे आहेत, हे एका साध्या कागदावर लिहून दोघा भावांनी सह्या करा. परत हवे असतील, तर कधीपासून आणि महिन्याला किती, तेही लिहा. तुमचं औषधपाणी आणि घरखर्च यांचे पैसे बाजूला काढूनच १५ लाखांचा आकडा पक्का करा. कमी निघाला, तर कमी द्या, पण तो आकडा पुतणीला आत्ताच सांगा, म्हणजे तिला बाकीची सोय करता येईल.